रान आणि भातशेती शिकवणारी आजी फार कडक आहे. असं कुणाच्या हाताखाली शिकलंय का कुणी?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

गेल्या मृगापासून मी अकोले तालुक्यात, राजूरच्याही वरच्या अंगाला एका वाडीत जाऊन-येऊन राहते. पुण्यातली नोकरी अर्धवेळ करून घेतली आहे. वर्षाचं धान्य, भाजी आणि बियाणं आपल्या हाताने उभं करता यावं एवढीच इच्छा आहे. तिथल्या एका महादेव कोळी आजींनी मला पडवीत जागा दिली. वय सत्तरीच्या पुढे, पण चालायला लागल्या की मला पळावं लागतं. भात, नाचणी, वरई, परसातले वेल, रानभाज्या, कंद, जनावरं, सगळं त्यांना येतं.

अडचण अशी की आजी काही समजावून सांगत नाहीत. प्रश्न विचारला की हातातलं काम थांबवून माझ्याकडे नुसत्या बघतात. काम चालू असताना वही काढायची नाही, मोबाइल तर पडवीतच ठेवायचा. गुरांना पाणी दाखवल्याशिवाय चहा नाही. कंद खणायला अजून हात लावू दिलेला नाही. म्हणतात, "वेल चारी महिने पाह्य, मंग बोल." आणि परवा आवणी, म्हणजे भातलावणी, चालू असताना मी लावलेला अख्खा पट्टा त्यांनी उपटून बांधावर टाकला. ओळी सरळ होत्या हो! का उपटला ते सांगितलं नाही. "परत लाव" एवढंच.

भाऊ म्हणतो, ही फुकटची मजुरी आहे, तुला कळत नाही. मला तसं वाटत नाही, पण रात्री पाठ मोडलेली असताना त्याचं बोलणं आठवतं.

ज्यांनी अशा कडक माणसाच्या हाताखाली शेती, रान, मासेमारी, काहीही शिकलंय त्यांना विचारते: हा कडकपणा शिकवण्याचाच भाग असतो की नुसता स्वभाव? आणि निघावं कधी, हे कसं ओळखायचं?

लाल_माती

रोपं खोल गेली असणार. बोटाच्या एका पेरापेक्षा खाली रोप गाडलं की फुटवे कमी येतात. ओळ सरळ आहे की वाकडी याचं भाताला काही पडलेलं नाही. पुढच्या वेळी आजींचा अंगठा बघा, कुठे थांबतो ते.

मुगाची_डाळ

वाचतेय. फार छान विषय.

पेणकर

माझी आत्या अशीच. शेवळं ही रानभाजी साफ करायला तिने मला कित्येक वर्षं दिली नाही. पहिल्या पावसाच्या आगेमागे बाजारात शेवळं येतात तेव्हा ती पाटावर बसणार, मी शेजारी. वरचं आवरण उघडायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, मग बारीक चिरायचं. तो पिवळा भाग राहिला की घसा असा खवखवतो की जेवणारे ताटावरून उठतात. काकडं ही आंबट रानफळं वाटून त्याचं पाणी घालायचं, तेही तीच घालणार. काकडं मिळाली नाहीत तर त्या दिवशी शेवळं करायचीच नाहीत, चिंचेवर भागवायचं नाही असा तिचा हट्ट.

एकदा मी चिडून विचारलं, एवढं काय त्यात? म्हणाली, घरात दहा माणसं जेवतात, एकाचाही घसा धरला तर वर्षभर ऐकायला मला लागतं, तुला नाही. मला तेव्हा पटलं. कडकपणा कुठून येतो ते बघायचं असेल तर चुकल्यावर कोणाला भोगावं लागतं ते बघा.

खडीसाखर

पेणकर, चिंच चालते! आमच्याकडे आंबोशी घालतात, तीही चालते. आत्याबाईंना माझा नमस्कार कळवा आणि हे सांगू नका. :)

पेणकर

सांगितलं तर या घरात मला पुन्हा शेवळं मिळणार नाहीत.

सातबारा

मी जरा वेगळं बोलतो. कृपया राग मानू नका.

मी कृषी पदवीधर आहे, घरची भातशेती आहे आणि भातलावणी मौनव्रत धरून शिकायची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. चारसूत्री पद्धत घ्या. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत, गिरिपुष्प या झाडाचा पाला चिखलात, 15 आणि 25 सेंटीमीटरची आलटून पालटून नियंत्रित लावणी, आणि चार रोपांच्या मधोमध खताची ब्रिकेट. हे एका कागदावर मावतं. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेलं भात तंत्र तर त्याही पुढे जातं. त्यात गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, चिखलणी नाही, लावणीही नाही, मग पट्टा उपटायचा प्रश्नच येत नाही. जमिनीतली मुळं जागीच कुजतात, गांडुळं वाढतात, मजुरी वाचते.

खोल लावू नको, एक पेर पुरे, हे सांगायला किती वेळ लागतो? ते न सांगता एका बाईचं अर्ध्या दिवसाचं काम उपटून टाकणं याला मी शिक्षण म्हणणार नाही. त्या रोपांचंही नुकसान झालं. आपण जुन्या माणसांच्या प्रत्येक वागण्यात अर्थ शोधत बसतो. कधी कधी माणूस नुसता तिरसट असतो.

लाल_माती

उपटलेलं रोप लगेच पुन्हा लावलं तर मरत नाही सातबाराभाऊ, लावणी म्हणजे तरी दुसरं काय असतं? बाकी तंत्राबद्दल सहमत. आमच्या गावात दोन घरांनी गादीवाफे केलेत, भात चांगलं आहे. तणाचं मात्र लक्ष ठेवावं लागतं.

ईशान्येचा_वारा

टोरांटोहून लिहितो. इथे वसंतात जंगलात रानलसूण येते, पानं खूडून आणतात लोक. तिच्या पानासारखीच पानं असलेलं लिली ऑफ द व्हॅली हे विषारी झाड असतं. मला ज्या वयस्कर बाईंनी शिकवलं त्यांनी पहिलं वर्षभर मला फक्त पान चुरगळून वास घ्यायला लावला, खुडू दिलं नाही. त्यातही त्यांचं म्हणणं असं की दोन-चार पानं चुरगळली की हाताला लसणीचा वास बसतो, मग विषारी पानालाही तोच वास येतो, म्हणून नुसत्या नाकावर विसंबायचं नाही, बुडखा बघायचा. हे पुस्तकात एका ओळीत असतं. पण माझ्या हाताला वास बसलाय हे त्या क्षणी ओळखायला मला त्या बाईच लागल्या.

डोंगरची_लेक

हा धागा मला एका मैत्रिणीने पाठवला. मी त्याच पट्ट्यातली, महादेव कोळी, आता नाशिकला नोकरी करते. माझ्या आजीच्या हाताखाली मी शिकले, मला निवड नव्हती, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं कंदांबद्दल. आजी तुम्हाला हात लावू देत नाहीत त्याचं कारण सरळ आहे. पावसाच्या सुरुवातीला चाईचे कोंब, करांद्याचे वेल, कडूकंदाचे वेल आणि कळलावी हे सगळं एकाच सुमारास जमिनीतून वर येतं. कळलावीच्या पानाचं टोक पुढे तारेसारखं वळतं आणि आधाराला धरतं, पण कोंब लहान असताना ते दिसत नाही. फूल आलं की आंधळाही ओळखेल, पण फूल येतं पावसाळा निम्मा झाल्यावर. आणि कंद खणायची वेळ येते वेल वाळल्यावर, तेव्हा ना पान ना फूल, नुसती वाळकी दोरी. म्हणजे ही दोरी कुठल्या वेलाची हे तुम्हाला चार महिने आधीपासून माहीत असायला हवं. कळलावीच्या कंदाने माणूस मरतो. आजी म्हणाल्या "वेल चारी महिने पाह्य", ते तंतोतंत खरं आहे.

कडूकंदाचंही सांगते. माझी आजी त्याचे पातळ काप करायची. जाड काप दिसला की माझ्या हातातून विळी काढून घ्यायची, बोलायची नाही. मग ते काप चुलीतल्या राखेसोबत उकळायचे, टोपलीत भरायचे, टोपली ओढ्यात दगड ठेवून रात्रभर वाहत्या पाण्यात. सकाळी आजी एक काप स्वतः चावून बघायची. जीभ चरचरली की टोपली परत ओढ्यात. आम्ही पोरं भुकेली बसलेलो असायचो तरी परत ओढ्यात. आजी स्वतः खाऊन बरी आहे हे बघितल्याशिवाय आम्हाला मिळायचं नाही.

रानातलं हे सगळं खाणं शौकाचं नव्हतं. आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागलेली असायची आणि नवीन भात निसवायला वेळ असायचा. त्या दोन महिन्यांत रानच पोट भरायचं. आज शहरात रानभाजी महोत्सव होतात, ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे स्टॉल लागतात, चांगलंच आहे, आमच्या बायकांना चार पैसे मिळतात. पण ती भाजी आमच्या घरात कुठल्या दिवसांत शिजायची हे विसरून चालणार नाही.

आता जे लिहिते ते जरा कडू लागेल. निव्वळ जमिनीवर आणि रानावर आज आमच्याकडे कोणाचंच वर्ष निघत नाही. अंत्योदयचं 35 किलो धान्य घरात येतं म्हणून चूल चालते. भात कापून झालं की माणसं नारायणगावकडे मजुरीला जातात, टोमॅटोवर, द्राक्षावर. तुमच्या आजींची मुलं, सुना कुठे आहेत? बहुतेक तिकडेच असतील. म्हणून तुम्हाला पडवीत जागा मिळाली आणि म्हणूनच आजींना हातांची गरज आहे. तुमचा भाऊ मजुरी म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे, पण उलटं पण बघा: हे सगळं ज्ञान आजी तुम्हाला देताहेत, त्याबदल्यात त्या घराला काय मिळतंय?

ओढ्याकाठी

डोंगरची_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फार आभार.

देण्याबद्दल: मी दर महिन्याला घरात ठरावीक रक्कम देते, शिवाय स्वतःचं रेशन आणते. आजींनी आधी पैसे हातात घेतले नाहीत. मग सुनेशी बोलून गोठ्याचे पत्रे बदलले, ते त्यांनी चालवून घेतलं. मुलगा-सून खरंच दिवाळीनंतर नारायणगावला जातात.

पडीक_जमीन

कायद्याचं पण बोलून घेऊ, कारण असे धागे वाचून लोक पिशव्या घेऊन रानात घुसतात.

वनहक्क कायदा 2006 चा. त्यात गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क अनुसूचित जमातींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना आहे. तुम्हाला-मला नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकायला लागले, त्यामागे ग्रामसभेची कितीतरी वर्षांची मेहनत आहे. तेव्हा बाहेरच्या माणसाने आजींसोबत, गावाच्या परवानगीने, घरापुरतं आणावं. विकायला आणू नये, जागा फोटोसकट इंटरनेटवर टाकू नये. आजी मोबाइल पडवीत ठेवायला लावतात ते मला तर फारच शहाणपणाचं वाटलं.

दुसरं, आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही आणि आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला घेण्यावर तर कडक बंधनं आहेत. शिकून झाल्यावर करायचं कुठे याचा विचार आधीच करा.

ओढ्याकाठी

वडिलांच्या नावावर मावळात थोडी जमीन आहे, सातबारा आहे. तिथेच करायचं आहे.

सातबारा

मला कोणी हाक मारली का? :)

खडीसाखर

आता हे नाव बदला तुम्ही, प्रत्येक शेतीच्या धाग्यावर फसगत होते.

सातबारा

डोंगरची_लेक यांचं कंदांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जिथे चुकलं तर जीव जातो तिथे कडक असायलाच हवं. माझा मुद्दा भातापुरता आहे. तिथे कोणी मरत नाही. आणि राब भाजण्याचं काय? दर उन्हाळ्यात ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडून शेणासोबत वाफ्यावर जाळतात. तण मरतं, रोप सहज उपटतं, मान्य. पण झाडं बोडकी होतात. आजी ते शिकवतील आणि ओढ्याकाठी ते मावळात नेतील. प्रश्न विचारायलाच बंदी असेल तर चुकीचंही जसंच्या तसं पुढे जातं. गुरूला उलट विचारता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

डोंगरची_लेक

भातात कोणी मरत नाही हे आता खरं आहे. आजीच्या तरुणपणी एक खाचर गेलं तर घरातलं कोणीतरी फाल्गुनापासून अर्धपोटी राहायचं. तिचा हात त्या काळात तयार झालाय.

राबाबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्या भावाने राब कमी केला, गिरिपुष्प लावलं बांधावर. आजी त्याच्याशी पूर्ण हंगाम बोलली नाही. भात आल्यावर बोलली.

आबा_जुन्नर

मी सत्तरीतला माणूस, नातवाकडून टाइप करून घेतोय.

आमच्या लहानपणी बी मागायला गेलो तर म्हातारी आधी शेत बघायला यायची. बांध फुटलेला दिसला तर बी द्यायची नाही. एक पायली दिली तर सुगीला दोन परत करायच्या असा रिवाज होता, आणि परत केलेलं बी ती तळहातावर पसरून एकेक दाणा बघायची. भेसळ दिसली तर पुढच्या वर्षी नाव कट. त्या कडकपणामुळे काळभात, रायभोग, आंबेमोहर असे वाण शुद्ध राहिले. तुमच्या अकोल्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघा. शाळेत गेल्या नाहीत, घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याच्या बाबतीत ढिलं राहून हे होत नाही.

नात्याच्या माणसाला आपण रागवतो. परक्याला चहा पाजून वाटेला लावतो. आजी तुमच्यावर रागावतात ना? मग बसा तिथे.

मुगाची_डाळ

आबा, नातवालाही टायपिंगबद्दल शाबासकी.

तळेगावची_पोर

मला आबांचं शेवटचं पटलं नाही, माफ करा. रागावणं म्हणजे आपलेपणा असं म्हणून आपण फार काही खपवून घेतो. मी एका नैसर्गिक शेतीच्या ठिकाणी राहून काम केलं. तिथले गुरुजीही असेच, प्रश्न चालायचे नाहीत. पावसाळा संपेपर्यंत मी शेण उचलणं आणि आल्यागेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक एवढंच करत होते. बियाण्याच्या खोलीत कधी नेलं नाही, गुरुजी स्वतः शेतात क्वचित दिसायचे. रागावणं मात्र रोज. वर आम्हीच त्यांना फी भरत होतो. निघाले तेव्हा मला एक वाफा स्वतः करता येत नव्हता. बाहेरून दोन्हीकडचं चित्र सारखंच दिसतं, म्हणून ओढ्याकाठींचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. निघावं कधी हे कोणीच सांगितलेलं नाही अजून.

डोंगरची_लेक

तळेगावची_पोर, तुमच्यासोबत जे झालं ते वाईट झालं. मग त्याचंच उत्तर देते.

ओढ्याकाठी, काम बदलतंय का ते बघा. गेल्या मृगात तुम्हाला काय दिलं होतं आणि आज काय देतात? माझ्या आजीने मला आधी गुरं दिली, मग निंदणी, मग आवणी, मग कापणीला कोयता. बी निवडायला कणसं दिली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. बोलणी प्रत्येक पायरीवर खाल्ली, पण पायरी बदलत गेली. जो शिकवतोय तो पुढचं काम देतो, आणि ते करताना तुमच्या शेजारी स्वतः चिखलात उभा असतो. ज्याला नुसते हात हवेत तो तुम्हाला तीन वर्षं शेणच उचलायला लावेल, गोड बोलून लावेल किंवा ओरडून.

तळेगावची_पोर

हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. धन्यवाद ताई.

ओढ्याकाठी

चार दिवस वाडीत होते, रेंज नव्हती, आज सगळे प्रतिसाद वाचले.

लाल_माती, तुमचं ऐकून मी आजींचा अंगठा बघितला. रोपाची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने तीन-चार काड्या वेगळ्या करतात, आणि अंगठा चिखलात फक्त नखाच्या वरपर्यंत जातो. बोटं बाहेर काढताना तर्जनीने चिखल किंचित मुळाशी लोटतात, म्हणजे रोप उथळ असूनही पाण्यावर तरंगत नाही. हे लोटणं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते करायला लागल्यापासून पट्टा उपटला गेलेला नाही.

सातबारा, तुमच्या म्हणण्यावर मी रात्री जेवताना आजींना थेट विचारलं, की सांगितलं असतंत तर? त्या म्हणाल्या, चिखल रोज येगळा असतो. वरच्या खाचरात पातळ, खाली ओढ्याकडे घट्ट. "येक पेर" सांगितलं असतं तर तू दोन्हीकडं येकच पेर लावलं असतं. मला हे उत्तर पटलं. राबाबद्दल मात्र मी विचारणार आहे आणि मावळात तुमच्या पद्धतीने गादीवाफ्याचा एक तुकडा करून बघणार आहे.

डोंगरची_लेक, गेल्या मृगात मी फक्त गुरांमागे होते. आज आवणीला आजींच्या शेजारची ओळ माझी असते. काम बदललंय. सून सांगत होती की वरईची कणसं यंदा माझ्याकडून निवडून घेणार आहेत. मी राहते आहे. पुढच्या वर्षीचं बी इथूनच मावळात न्यायचं आहे, आबांच्या हिशोबाने दुप्पट परत करून.

त्यावरून एक विचारायचं होतं. वरईचं बी मावळातल्या दमट घरात पावसाळाभर टिकेल का? आजींकडे चुलीवरच्या माळ्यावर असतं, धूर लागतो. माझ्याकडे चूल नाही.

आबा_जुन्नर

शेताच्या मधली कणसं घ्या, कडेची नको. कडक उन्हात चांगली वाळवा, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. गार झाल्यावर मातीच्या मडक्यात चाळलेल्या राखेत मिसळून भरा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला, तोंड शेणमातीने लिंपा. मडकं भिंतीला टेकवू नका, लाकडी फळीवर ठेवा. आणि सगळं बी एका मडक्यात भरू नका.

लाल_माती

आबांना अनुमोदन. आमच्याकडे चूल गेल्यापासून आई हेच करते. फक्त राख लाकडाची हवी, आणि पूर्ण थंड झालेली.

खडीसाखर

वरई निवडून झाली की भगरीचा धागा काढा ओढ्याकाठी. आणि पेणकरांच्या आत्यांना कोणीतरी आंबोशीबद्दल सांगाच.